वकिलाच्या वहीतलं कापलेलं पान

१

"भाऊ, सायबान माका चोर ठरवल्यान," रावजी म्हणाला आणि चपला घालूनच आत आला.

तीन वर्षांत रावजी आमच्या घरात कधी चपला घालून आला नव्हता. मी हातातला चहा खाली ठेवला. माझी बायको शुभदा स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा पेला आणायला परत आत गेली. तिला माणसाच्या तोंडावरून अर्धी गोष्ट कळते. मला ती पूर्ण सांगावी लागते.

ही १९७९ची गोष्ट. मी आखातातल्या मनामा शहरात एका अमेरिकन कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो, शुभदा इथल्या शाळेत गणित शिकवायची. रावजी मालवणकडचा. आमच्या कंपनीचे कायदेशीर सल्लागार हॉवर्ड वेदरबी यांची गाडी तो चालवायचा आणि त्याची बायको मालू त्यांच्याच घरी स्वयंपाक करायची. दोघांचा व्हिसा वेदरबींच्या नावावर, पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. मालूला सातवा महिना होता. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. त्यामुळे डॉक्टरांनी तिला सलमानियाच्या हॉस्पिटलात पाठीवर निजवून ठेवलं होतं आणि बजावलं होतं की विमान तर लांबच, जिनाही चढायचा नाही.

"कसली चोरी?" मी विचारलं.

"वयेतला पान. सायबाच्या जुन्या वयेतला. मी हातसुद्धा लावक नाय, वयनी."

ती वही आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. वेदरबींना एकच वेड होतं, ते म्हणजे सहा पिढ्यांमागचा त्यांचा पूर्वज, जेरेमाया वेदरबी. अमेरिका हा देश व्हायच्या आधी, तिथं इंग्रजांचा अंमल असताना, मॅसॅच्युसेट्समध्ये केवळ वकिलीवर घर चालवणाऱ्या पहिल्या काही माणसांतला हा एक. न्यायाधीशांच्या मागोमाग घोड्यावरून गावोगाव जायचा. लोक वकिलाला ढोंगी समजत, म्हणून रात्रीच्या मुक्कामाला कोणी जागा देत नसे. त्याच माणसानं एका विधवेची जमीन नऊ वर्षं भांडून सोडवली होती. त्याच्या त्या चामडी वहीत पुढे खटल्यांची टिपणं होती आणि शेवटच्या पानावर कुटुंब. लग्नाची तारीख, सात मुलांच्या जन्मतारखा, चौघांच्या मृत्यूच्या, सगळं त्याच्याच हातचं. वेदरबी त्याचं चरित्र लिहीत होते आणि त्या शेवटच्या पानाचा फोटो पुस्तकाच्या सुरुवातीला छापणार होते.

ते शेवटचं पानच गेलं होतं.

"वही बाइंडिंगला सोमवारी मीच न्हेललंय, आज मीच हाडलंय," रावजी म्हणाला. "सायब म्हणता, मदी तुज्याशिवाय कोण नव्हता. गुरवारी सांजपर्यंत पान दी, नायतर शनवारी दोघांचे व्हिसा कॅन्सल."

शनिवारी व्हिसा रद्द म्हणजे आठवड्याच्या आत मालू विमानात.

"कोणी घेतलं असेल, रावजी?" शुभदानं विचारलं.

रावजीनं पेला खाली ठेवला. "तां माका इचारू नकात," तो म्हणाला.

मला कळेना. निर्दोष माणूस असा बोलत नाही.

२

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मला पोलिसगिरीची हौस नाही, पण बायको निघाली की मी मागे राहिलो असं आजवर झालेलं नाही.

वेदरबींनी आम्हाला अभ्यासिकेत बसवलं. उंच, वाळका माणूस. एका रात्रीत म्हातारा झाल्यासारखा वाटला. ते इंग्रजीत बोलत होते, पण इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागत होतं.

"शनिवारी संध्याकाळी मी ते पान डोळ्यांनी पाहिलं," ते म्हणाले. "रविवारी मिस्टर कर्णिक इथंच बसून दिवसभर टायपिंग करत होते. संध्याकाळी त्यांनी वही गुंडाळून ठेवली. सोमवारी रावजी ती घेऊन गेला. बाइंडरचं दुकान इथून दहा मिनिटांवर. त्याला जायला दीड तास लागला. कुठे होतास विचारलं तर गप्प. मी काय समजायचं?"

कर्णिक म्हणजे आमच्या ऑफिसचे हेमचंद्र कर्णिक. वेदरबींचे सेक्रेटरी, वय साठीचं, मुंबईच्या एका सॉलिसिटरकडे तीस वर्षं काढलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. एकटेच राहायचे आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायचे.

"सेक्रेटरीवर संशय नाही?" शुभदानं सरळ विचारलं. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, तो तिनं बाजूला केला.

"त्यांच्यावर?" वेदरबी पहिल्यांदाच हसले. "कर्णिक फाटका लिफाफासुद्धा फेकत नाहीत."

मिसेस वेदरबी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना ह्या पुस्तकाचा मनस्वी कंटाळा होता आणि तो त्या लपवत नसत. "माझ्यावरही घ्या संशय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर जेरेमायाशिवाय विषय नाही. पण मी हात घातला असता तर अख्खी वही समुद्रात टाकली असती. एक पान काढत बसले नसते."

मला ते पटलं. शुभदालाही पटलं असावं, कारण तिनं त्यांना पुढे काही विचारलं नाही. तिनं वही मागितली. नव्या शिवणीतली वही उघडून शेवटी बोट फिरवलं. तिथं पानाची बोटभर रुंदीची कड शिल्लक होती, पट्टी लावून कापावी तशी सरळ.

"आणि टाइप केलेलं हस्तलिखित?" तिनं विचारलं.

"कर्णिकांनी सोमवारी दिलं. मला उघडायला सुचलेलं नाही. हवं तर दोन्ही न्या."

तिनं ते जाडजूड बाड आणि वही माझ्या हातात दिली. ओझी उचलायची म्हटलं की तिला नवऱ्याची आठवण होते.

बाहेर गाडी पुसत रावजी उभा होता. शुभदा त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "दीड तास कुठे होतास ते मी सांगते. सलमानियात."

त्यानं मान खाली घातली. "मालू सपनात रडली म्हणान सकाळी बगूक गेल्लंय. सायबाच्या गाडयेन. खाजगी कामाक गाडी न्हेव नको, असा मडमेन तीनदा सांगल्यान. तां सांगलंय तर तसाय काढून टाकतीत."

"हे कळलं. आता कोणाला वाचवतोयस ते सांग."

रावजी फडकं पिळत राहिला. फडक्यात पाणी नव्हतंच.

३

बाइंडर गनीचं दुकान बाजारातल्या एका बोळात होतं. हा राजापूरकडचा कोकणी मुसलमान, हातात कायम खळीचा वास. आम्ही कशासाठी आलो हे कळताच त्यानं ब्रश आपटला.

"भाभी, मी बाइंडर हाय, खाटीक नाय. पान काढायचंच आसल तर मी शिवण सोडीन, दोरा ओढीन, आख्खा पन्ना निघंल, मागं निशाण मफी, बिलकूल नाय. हे कुणी कापलंय? जेला शिवण सोडता येत नाय, त्यानं."

"वही आली तेव्हा पान होतं?"

"मोजून घेतो ना मी. बेचाळीस पानं नि एक कापलेली कड. माझ्या चिठ्ठीवर लिवलंय, बगा." त्यानं खिळ्याला टोचलेली चिठ्ठी काढून दाखवली. तारीख सोमवारचीच होती.

"म्हणजे वाटेत रावजीनं..." मी तोंड उघडलं.

"कसा? पुडकं लाखेनं बंद होतं. लाल फीत, गाठीवर लाख, लाखेवर शिक्का. मी चाकूनं फक्त फीत कापली." गनीनं कचऱ्याच्या डब्यात हात घालून फीत काढली. गाठ तशीच होती, लाखेला तडा नव्हता. "धा मिनटाच्या रस्त्यासाठी कोण लाख लावतो, सांगा. मला हसू आलं."

मला हसू आलं नाही. काका ऑफिसातून पोस्टात एक पाकीट पाठवायचं तरी लाख लावत, हे मी रोज बघत होतो. त्या लाखेनं रावजी सुटला होता, आणि लाख लावणाऱ्याला ते लावताना सुचलंही नसणार. तीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नाही.

गनीनं वही उघडून शुभदाला जवळ बोलावलं आणि भिंग दिलं. "कडेच्या मागचा कागद बगा. पुठ्ठ्याच्या आतला. ब्लेड एवढं धारेचं, तरी त्याला ओरखडा नाय. कापणाऱ्यानं मधे काहीतरी सरकवलेलं. लई सांभाळून काम केलंय. चोर आसं करत नाय."

घरी येताना मी शुभदाला म्हटलं, "झालं. ही फीत नेऊन साहेबांपुढे ठेवू. रावजी सुटला."

"साहेब वकील आहेत. म्हणतील, दोघं कोकणातले, फीत आणि चिठ्ठी संगनमतानं केली. पान हातात आल्याशिवाय मालू वाचत नाही." तिनं फीत पर्समध्ये टाकली. "तुमच्या ऑफिसात टाइप करताना चूक झाली तर काय करतात?"

"खोडरबर. काका मात्र ब्लेडनं खरवडतात. मागच्या प्रतींना डाग पडू नये म्हणून आधी मधे पोस्टकार्डाचा तुकडा सर..."

मी तिथंच थांबलो. आपल्याच तोंडानं आपल्या माणसाचं नाव सांगायची वेळ माझ्यावर आली होती, आणि ती माझ्या बायकोनं आणली होती.

४

गुरुवारी सकाळी शाळेला सुट्टी होती. मी ऑफिसला निघताना शुभदा जेवणाच्या टेबलावर स्टेन्सिल कापत बसली होती. पाडव्याला दहा दिवस होते. गावाकडून पंचांगं पोस्टानं यायची ती निम्मा चैत्र उलटल्यावर, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या घरांसाठी वर्षाच्या तिथींचा तक्ता ती स्वतः करायची. त्या दिवशी तिच्या एका बाजूला तक्ता होता आणि दुसऱ्या बाजूला वेदरबींचं बाड.

"काकांशी बोला," ती म्हणाली. "विचारू काहीच नका. नुसते बोला."

मी नुसता बोललो. काका नेहमीसारखे इस्त्रीच्या शर्टात, पेन्सिली टोक करून ओळीनं लावलेल्या. मी रावजीचा विषय काढला तसे ते चष्मा पुसायला लागले.

"भला मुलगा आहे रे. मालूच्या व्हिसासाठी अर्ज मीच लिहिले, सहा वेळा. इमिग्रेशनला त्याच्याबरोबर रांगेत मीच उभा होतो. साहेबांचा राग उतरेल. उतरायला हवा."

"नाही उतरला तर?"

"उतरेल." त्यांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. "खरं सांगू जयप्रकाश, ते पान गेलं ते काही वाईट झालं नाही. कुठल्याही घरातलं सगळंच छापायचं नसतं. छापलेलं पुसता येत नाही."

"काय होतं त्या पानावर एवढं?"

"मला काय ठाऊक. टाइप करताना बोटं चालतात, डोकं चालत नाही."

मी शुभदाला फोन केला आणि शब्दन् शब्द सांगितला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"बोटं चालतात म्हणाले?" ती म्हणाली. "सहा मुलांच्या तारखा टाइप केल्यात. वार आणि वेळेसकट. थोरल्या सायलसचं फक्त नाव आहे. तारीख नाही. हे बोटांनी केलेलं नाही."

"मग साहेबांना विचार ती तारीख."

"विचारली मघाशी फोनवर. त्यांना सगळ्या पाठ आहेत. जेरेमाया आणि पेशन्सचं लग्न दोन मे १७४०. सायलसचा जन्म चौदा फेब्रुवारी १७४०."

मी बोटं मोजली. अकाउंट्सवाल्याला एवढी वजाबाकी जमते. "म्हणजे लग्नाच्या अडीच महिने आधी मूल," मी म्हणालो, आणि नकळत आवाज खाली आणला. आजूबाजूला कोणी मराठी नव्हतं तरी.

"तुम्हीसुद्धा काकांसारखंच मोजलंत," शुभदा म्हणाली. "आणि त्यांच्यासारखाच आवाज खाली आणलात. घरी या. त्यांनाही घेऊन या. सांगा, मी जेवायला बोलावलंय."

"आज गुरुवार आहे. ते शुक्रवारी येतात."

"आज यायला सांगा. संध्याकाळी सहाला रावजीची मुदत संपतेय."

५

जेवण कोणी नीट जेवलं नाही. शुभदानं ताटं उचलली आणि काकांपुढे तिथींचा तक्ता ठेवला.

"काका, एक गणित सांगा. आता फाल्गुन चालू आहे. शक कितवा?"

"एकोणीसशे."

"पाडव्याला?"

"एकोणीसशे एक. हे काय विचारणं झालं?"

"आता समजा, शके एकोणीसशेच्या वैशाखात एक लग्न झालं आणि शके एकोणीसशेच्याच माघात त्या बाईला मुलगा झाला. मुलगा लग्नाच्या आधीचा की नंतरचा?"

"नंतरचा. वैशाख वर्षाच्या सुरुवातीला, माघ शेवटी. नऊ महिने झाले की." काका थोडे चिडूनच बोलले. मग त्यांचा हात तक्त्यावर तसाच राहिला.

"पेशन्स वेदरबीच्या वेळी इंग्रजांचं वर्ष जानेवारीत बदलत नव्हतं," शुभदा म्हणाली. "पंचवीस मार्चला बदलायचं. आपल्या पाडव्याच्या आसपासच. १७५२ साली कायदा करून ते जानेवारीवर आणलं. त्याआधी १७४०चा मे सुरुवातीला यायचा आणि १७४०चा फेब्रुवारी शेवटी. लग्नानंतर साडेनऊ महिन्यांनी मूल झालं, काका. साहेबांच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. इतकं माहीत आहे की टाइप करणाऱ्याला सांगायला हवं हे त्यांना सुचलंच नाही."

काकांचा चेहरा मी बघू शकलो नाही. मी खिडकीकडे बघत बसलो.

"तुम्हाला कसं..." ते म्हणाले.

"तुमच्या लाखेनं, तुमच्या पोस्टकार्डाच्या तुकड्यानं आणि सहा तारखांनी. जी सातवी लपवलीत, ती का लपवली हे मात्र मला तक्ता करताना कळलं. फेब्रुवारी-मार्चच्या घरांत मी दरवर्षी जुना शक लिहिते. आज लिहिता लिहिता हात थांबला."

"साहेब फोटो छापणार होते," काका हळूच म्हणाले. "त्यांच्याकडचे सगळे नातेवाईक ते पुस्तक घेणार. कोणीतरी बोटं मोजणारच. एका बाईची अशी... तिला बोलताही येत नाही आता. मला वाटलं, मालकाच्या घरातलं आहे, आपण झाकावं. मूळ कागद मी फाडला नाही, शुभदा. तो माझ्या ट्रंकेत आहे, दोन पुठ्ठ्यांत. मूळ कागद मी आयुष्यात फाडलेला नाही."

"आणि रावजी?"

काका तक्त्याची घडी घालू लागले.

शुभदाला राग आला की ती आवाज चढवत नाही, उलट उतरवते. "दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईची अब्रू वाचवायला तुम्ही जिवंत बाईचं पोट पणाला लावलंत, काका. तीन दिवस. मंगळवारपासून तुम्हाला कळलं होतं कोणावर आळ आलाय."

"रोज सांगायचं ठरवत होतो. सांगितलं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं तर..." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग जे बोलले ते हातांच्या आतूनच बोलले. "माझ्या मुलीला, मेधाला, लग्नानंतर सहाव्या महिन्यात मूल झालं. पुण्यात आमच्या वाड्यातल्या बायकांनी बोटं मोजली. मी पोरीला म्हणालो, मला तोंड दाखवू नकोस. सहा वर्षं झाली. ते पान टाइप करायला घेतलं आणि मला वाटलं, ह्या बाईसाठी तरी..."

मी सहा वर्षं त्यांच्याशी पत्ते खेळलो होतो. मेधा पुण्याला असते एवढंच मला माहीत होतं. रजेत ते पुण्याला का जात नाहीत, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि काकांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

"ती निर्दोष होती," काका स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती. "पेशन्स निर्दोष होती."

"आणि नसती तर?" शुभदानं विचारलं.

६

चार वाजता काकांनी वेदरबींच्या टेबलावर पान ठेवलं. मी आणि शुभदा मागे उभे होतो. वेदरबींनी आधी पान दोन्ही हातांनी उचललं, खिडकीपाशी नेलं, अक्षरावरून नजर फिरवली. मग काकांचं सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांना हसू फुटलं, मग ते थांबलं, मग ते संतापले.

"तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

"असं कोण विचारतं, साहेब," काका म्हणाले.

वेदरबींना ते कळलं नसावं. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी रावजीला आत बोलावलं, उठून उभे राहिले, "माझी चूक झाली" म्हणाले आणि हात पुढे केला. रावजीनं तो धरला आणि लगेच सोडला. "मालूक सांगू मगे? हंयच रवाचा?" त्यानं विचारलं. शुभदानं इंग्रजीत करून सांगितलं. वेदरबींनी मान हलवली. मूल होईपर्यंत आणि नंतर हवं तितकं, असं म्हणाले. त्या पाच मिनिटांत सगळं मिटलं. साहेबाच्या बाजूनं मिटवायला पाच मिनिटं पुरतात.

काकांना नोकरीवरून काढलं नाही. ती शिक्षा झाली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

आम्ही तिघं रावजीबरोबर सलमानियाला गेलो. मालूला ह्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं, आज एवढी माणसं भेटायला आली म्हणजे तिचीच तब्येत बिघडली. शुभदानं तिला हसवलं, केसांची वेणी घातली. बाहेर येऊन बघतो तर व्हरांड्यात काका रावजीसमोर हात जोडून उभे.

"मला माफ कर. तुला माहीत नव्हतं, पण हे सगळं मी..."

"माका ठाऊक होता, काका," रावजी म्हणाला.

काकांचे हात तसेच राहिले.

"आयतवारी मी च्याय घेवन इललंय. तुमी पान कापी होतात. माका बगूक नाय तुमी. मी च्याय भायरच ठेवलंय. सांजच्या गाडयेत तां पाकीट तुमी मांडयेर घेवन बसललात."

"मग तू बोलला का नाहीस?"

"माजी बायल तुमी हाडून दिल्यात. सा अर्ज लिवल्यात, माज्यावांगडा रांगेत रवल्यात. तुमचा नाव माज्या तोंडान कसा येतला?" रावजीचा आवाज एवढा शांत होता की वाटेनं जाणाऱ्या नर्सनंही वळून पाहिलं नाही. "मालूक विमानात घालूची पाळी इली आसती तरी मी नाव घेवचंय नाय. मी गप रवलंय तां तुमच्यासाटी. तुमी गप रवल्यात तां कोणासाटी?"

काकांनी जोडलेले हात खाली घेतले. आतून मालूनं हाक मारली आणि रावजी पडदा सारून गेला. त्यानं माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. काकांनी त्याला परत कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. काका जेवायला येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. आले. जेवले नाहीत. खिशातून कोरं पाकीट काढलं, पेन उघडलं आणि शुभदाकडे बघून म्हणाले, "तू मेधाला लिहितेस. ऑफिसच्या टपालात तुझ्या नावानं येणाऱ्या पाकिटांवर तिचं अक्षर असतं. मला माहीत आहे. पत्ता सांग."

मला माहीत नव्हतं. माझ्या घरात राहून मला एवढंच माहीत असतं. शुभदानं पत्ता सांगितला. ते त्यांच्या वळणदार कारकुनी अक्षरात लिहीत गेले. पेठ, घराचा नंबर, पुणे. मग पेन थांबलं.

"मुलाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षांचा नातू, आणि आजोबांना त्याचं नाव ठाऊक नाही, हे ऐकून तिचेही डोळे भरले होते.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पत्रात तुम्हीच विचारा. आणि काका, त्याचा वाढदिवस कधी असतो, तेही विचारा."